दिसणारी मराठी आणि नोंदलेली मराठी

‘पडद्यावर मराठी दिसते आहे ना? मग आणखी काय हवे?’ हा प्रश्न परक्यांनी विचारला असता तर एका वाक्यात उत्तर देऊन मोकळे होता आले असते. पण तो आपल्याच संस्थांचे पदाधिकारी, आपल्याच नियतकालिकांचे संपादक आणि आपलीच संकेतस्थळे बांधून देणारे तरुण विचारतात. बेळगाव, पणजी, इंदूर, बडोदे, हैदराबाद, कुठेही जा, हा प्रश्न आणि त्यामागचे समाधान सारखेच आढळते. म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देणे भाग आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. वेबवर नुसते दिसणे म्हणजे नोंद नसलेली वहिवाट होय. ज्या पानावर त्याची भाषा लिहून ठेवलेली नाही, ते पान वेबच्या नियमांच्या दृष्टीने अज्ञात भाषेतील पान ठरते. हे मी अलंकाराने बोलत नाही. वेबच्या पानांसाठी आज जगभर जे प्रमाण मानले जाते त्यात, भाषा घोषित केलेली नसेल आणि अन्य मार्गानेही कळत नसेल, तर ती अज्ञात समजावी, असेच कलम आहे. वहिवाट आपली, नोंद कोणाचीच नाही, अशा जमिनीचे पुढे काय होते, हे उताऱ्यांसाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवलेल्या वाचकांना मी सांगायला नको.

हे नियम आले कोठून, ते कोणी केले आणि त्यांत आपण कोठे होतो, हे आधी पाहू.

मार्कअप हा शब्द छापखान्यातला आहे. हस्तलिखितावर संपादक खुणा करी आणि त्या पाहून खिळे जुळवणारा मजकूर लावी. हा मथळा, हा नवा परिच्छेद, हे अवतरण. त्या खुणा वाचकाला कधी दिसत नसत, पण पुस्तकाचे रूप त्यांच्यावरच ठरत असे. संगणक आला तेव्हा प्रत्येक यंत्राच्या खुणा निराळ्या होत्या आणि त्याही बहुतेक रूपाविषयी असत: येथे ठळक अक्षर, येथे तीन ओळी मोकळ्या. यातून मार्ग काढणाऱ्यांत एक गृहस्थ आमच्या व्यवसायातले होते. चार्ल्स गोल्डफार्ब हे हार्वर्डचे विधी पदवीधर. बोस्टनमध्ये वकिली केल्यावर ते आयबीएम या कंपनीत गेले आणि वकिलांच्या कचेऱ्यांतील कागदपत्रे संगणकावर कशी हाताळावीत या कामाला लागले. १९६९ मध्ये त्यांनी एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी या दोन सहकाऱ्यांसह एक खुणांची पद्धत रचली. पुढे तिचेच विस्तारित रूप एसजीएमएल या नावाने १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाले.

या पद्धतीचे मूलतत्त्व एका वाक्यात सांगता येते: मजकूर कसा दिसावा हे लिहू नका, तो काय आहे हे लिहा. ‘मोठे ठळक अक्षर’ असे न लिहिता ‘मथळा’ असे लिहा. रूप उद्या बदलेल, कागद बदलेल, यंत्र बदलेल, पण मथळा मथळाच राहील. दस्तऐवजाचे स्वरूप त्याच्या दिसण्यावरून न ठरवता त्यातील कथनावरून ठरवावे, हा कायद्यातील जुना विचारही याच जातीचा आहे.

या तत्त्वाच्या आधारे जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी एचटीएमएल तयार केली. १९९१ साली तिच्यात मोजकेच टॅग होते. १९९४ मध्ये डब्ल्यूथ्रीसी ही मानके ठरवणारी संघटना स्थापन झाली आणि नोव्हेंबर १९९५ मध्ये एचटीएमएल २.० चे लेखी प्रमाण प्रसिद्ध झाले. त्या प्रमाणात पानाचा वर्णसंच म्हणून लॅटिन-१ हा संच ठरवला होता. त्यात पश्चिम युरोपातील भाषांची अक्षरे होती. देवनागरी नव्हती. अरबी नव्हती, चिनी नव्हती, कन्नडही नव्हती. म्हणजे जगातील बहुसंख्य माणसांच्या लिपी या नियमाच्या बाहेर होत्या. यात द्वेष होता असे मी म्हणणार नाही. नियम लिहिणाऱ्यांपुढे जे कागद होते त्यांची सोय त्यांनी पाहिली. जो हजर नसतो त्याच्या गैरहजेरीत निकाल लागतो, एवढाच त्याचा अर्थ.

आता आपल्याकडे काय झाले ते पाहा. त्याच सुमारास नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या ब्राउझरांत चुरस लागली होती. प्रत्येकजण आपापले टॅग घुसडत होता. एकाने अक्षरे लुकलुकवली, दुसऱ्याने सरकवली. याच धामधुमीत फॉन्ट नावाचा टॅग आला. अमुक मजकूर अमुक फॉन्टात दाखवा, एवढेच तो सांगत असे. रूपाला अर्थापासून वेगळे ठेवण्याचे जे तत्त्व, त्याला या टॅगाने हरताळ फासला.

आणि नेमका तोच टॅग आपण डोक्यावर घेतला. मराठी वृत्तपत्रे आणि संस्था वेबवर आल्या त्या याच वाटेने. लॅटिन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरीची चित्रे बसवलेला फॉन्ट तयार करायचा, पानावर त्या फॉन्टाचे नाव लिहायचे आणि वाचकाला तो उतरवून घ्यायला सांगायचा. संगणकाच्या स्मृतीत जे साठत होते ते रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे कडबोळे होते. डोळ्यांना मात्र ते मराठी दिसे. फॉन्ट नसला की उरे निव्वळ कचरा. प्रत्येक फॉन्ट बनवणाऱ्याची चित्रे वेगळ्या संकेतांवर बसवलेली, त्यामुळे एका वृत्तपत्राचा मजकूर दुसऱ्याच्या फॉन्टात वाचता येत नसे. शोध घ्यावा तर ‘न्यायालय’ हा शब्द त्या पानांत नव्हताच, केवळ त्याचे चित्र होते. त्या वर्षांचा कितीतरी मराठी मजकूर पुढे परिवर्तकांतून गाळून काढावा लागला आणि जो काढला गेला नाही तो वाचनापलीकडे गेला. ‘दिसते आहे ना, मग पुरे’ या वाक्याची किंमत आपण एकदा मोजली आहे. आज तेच वाक्य पुन्हा ऐकू येते, हे माझ्या रागाचे कारण आहे.

यावर कोणी म्हणेल की तेव्हा दुसरा उपायच नव्हता. हे अर्धसत्य आहे. सुरुवातीला नव्हता. मजकूर वाचणारी यंत्रे, त्यांतील फॉन्ट आणि प्रणाली या सर्वांना तयार व्हायला वेळ लागला, हेही मान्य. परंतु नियमांतील उपाय जानेवारी १९९७ मध्येच लिहिला गेला होता. एचटीएमएलचे आंतरराष्ट्रीयीकरण या विषयावरील तो दस्तऐवज चार जणांनी लिहिला. त्यांतील फ्रांस्वा येर्जो हे फ्रेंच भाषकांच्या माँट्रियल शहरात काम करत होते आणि मार्टिन ड्युर्स्ट हे झुरिक विद्यापीठात. ज्या गावांत रोज दोन-तीन भाषांशी व्यवहार करावा लागतो, तेथील माणसांना भाषेची नोंद का हवी हे समजावून द्यावे लागत नाही. त्यांनी लॅटिन-१ चा वर्णसंच बाजूला सारून जगातील सर्व लिपींना सामावणारा वर्णसंच, म्हणजे युनिकोडशी एकरूप असलेला संच, एचटीएमएलचा पाया केला. सोबत लँग नावाचा गुणधर्म आणला. कोणत्याही टॅगावर तो लिहून त्या मजकुराची भाषा सांगता येते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात एचटीएमएल ४.० मध्ये हे सारे समाविष्ट झाले, आणि त्याच प्रमाणाने फॉन्ट टॅग त्याज्य ठरवला. २००० सालच्या विंडोजमध्ये युनिकोड देवनागरी आली. तरीही त्यानंतर कित्येक वर्षे आपली प्रतिष्ठित प्रकाशने जुन्याच फॉन्टांना चिकटून राहिली. याउलट मे २००३ मध्ये सुरू झालेला मराठी विकिपीडिया युनिकोडमध्येच वाढला आणि त्यातील लेख आजही शोधता येतात. ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली की दोष तंत्राचा किती आणि आपला किती हे कळते.

लँग या गुणधर्मात लिहायचे काय, तर भाषेचा आंतरराष्ट्रीय संकेत. मराठीचा संकेत एम आणि आर ही दोन रोमन अक्षरे. कन्नडचा केएन, गुजरातीचा जीयू, हिंदीचा एचआय, तेलुगूचा टीई. कोकणीला दोन अक्षरी संकेत नाही, तिचा तीन अक्षरी केओके. मोडीतील कागद असेल तर मराठीपुढे मोडी लिपीचा संकेत जोडण्याचीही तरतूद आहे, आणि मोडीची अक्षरे २०१४ पासून युनिकोडमध्ये आहेत.

आपल्यासारख्या, म्हणजे महाराष्ट्राच्या नकाशाबाहेर राहणाऱ्या मराठी भाषकांसाठी यात एक विशेष आहे. या संकेताला प्रदेशाची पुस्ती जोडता येते, पण तो प्रदेश म्हणजे देश. राज्याला त्यात जागाच नाही. बेळगावातील वाचनालयाचे पान, बडोद्यातील नाट्यसंस्थेचे पान, ग्वाल्हेरच्या मंडळाचे पान आणि मुंबईच्या मंत्रालयाचे पान, चौघांचा संकेत एकच. भाषिक प्रांतरचनेपासून आजतागायत आपल्याला प्रत्येक कचेरीत आधी विचारले गेले की तुम्ही राहता कोठे, आणि त्यावरून तुमची भाषा कोणती मानायची हे ठरले. येथे प्रथमच असा एक जागतिक नियम आहे जो विचारतो, हा मजकूर कोणत्या भाषेत आहे, आणि उत्तर देण्याचा अधिकार लिहिणाऱ्याला देतो. न मागता मिळालेला हा अधिकार आपण वापरत नाही. आपल्या संस्थांच्या संकेतस्थळांचा मूळ मजकूर उघडून पाहा. ब्राउझरमध्ये ती सोय प्रत्येकाला आहे. माथ्यावर पुष्कळदा इंग्रजीचा संकेत सापडेल, कारण पानाचा साचा तयार विकत किंवा फुकट घेतलेला असतो आणि त्यात तो आधीच भरलेला असतो. आत बारा ओव्या मराठी आणि माथ्यावर प्रतिज्ञा इंग्रजीची! मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला म्हणून ज्यांनी पेढे वाटले, त्यांनी आपल्या पानाच्या माथ्यावरची ही प्रतिज्ञा एकदा वाचावी.

येथे जाणकार प्रतिपक्ष एक मुद्दा काढतो. तो असा की वेबवर लेखी नियमांना काही अर्थच उरलेला नाही, जे चालते तेच प्रमाण. आणि त्यासाठी तो एक्सएचटीएमएलचा दाखला देतो. हा दाखला तपासण्यासारखा आहे.

१९९८ मध्ये एक्सएमएल हे कडक शिस्तीचे मानक आले आणि जानेवारी २००० मध्ये एचटीएमएलला त्या शिस्तीत बसवणारी एक्सएचटीएमएल १.० आली. शिस्त अशी की प्रत्येक टॅग नीट बंद झालाच पाहिजे. पान खऱ्या अर्थाने एक्सएमएल म्हणून पाठवले आणि त्यात एक चूक निघाली, की ब्राउझरने पुढचे पान दाखवणे थांबवून चूक जाहीर करायची. एका अर्जातील एक स्वल्पविराम चुकला म्हणून संपूर्ण दावा फेटाळावा, तसे हे होते. बहुतेकांनी त्यावर पळवाट काढली: लिहायचे एक्सएचटीएमएल, पाठवायचे मात्र साध्या एचटीएमएलच्या नावाने. तेव्हाचा सर्वांत प्रचलित ब्राउझर, इंटरनेट एक्सप्लोरर, तर २०११ पर्यंत खऱ्या रूपातील एक्सएचटीएमएल स्वीकारतच नव्हता. पुढे डब्ल्यूथ्रीसीने एक्सएचटीएमएल २ चा घाट घातला आणि त्यात जुन्या पानांशी सुसंगत राहण्याचे बंधनच सोडून दिले.

जून २००४ मध्ये अमेरिकेतील सॅन होजे येथे डब्ल्यूथ्रीसीने बोलावलेल्या बैठकीत मोझिला आणि ऑपेरा यांनी उलट प्रस्ताव मांडला: आहे ती एचटीएमएल मोडू नका, तीच वाढवा. तो आठ विरुद्ध चौदा मतांनी पडला. दोन दिवसांत त्या मंडळींनी ॲपलमधील सहकाऱ्यांसह व्हॉटडब्ल्यूजी नावाचा स्वतंत्र गट जाहीर केला. दोन वर्षांनी खुद्द बर्नर्स-ली यांनी लिहून मान्य केले की साऱ्या जगाला एकदम एक्सएमएलवर नेण्याचा प्रयत्न सफल झाला नाही. २००९ मध्ये एक्सएचटीएमएल २ चे काम गुंडाळण्याची घोषणा झाली, ऑक्टोबर २०१४ मध्ये एचटीएमएल ५ हे अधिकृत मानक झाले आणि २८ मे २०१९ रोजी डब्ल्यूथ्रीसीने करार करून एचटीएमएलचे प्रमाण त्या बंडखोर गटाकडेच असल्याचे मान्य केले.

यावरून ‘नियमांना अर्थ नाही’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे निकालपत्राची शेवटची ओळ वाचून घरी जाणे आहे. एचटीएमएल ५ ने अराजकाला मान्यता दिली नाही. उलट आजवर जे कोणी लिहिले नव्हते ते तिने लिहून काढले: पान चुकीचे लिहिलेले असेल तर ब्राउझरने ते नेमके कसे समजून घ्यायचे, पायरी पायरीने. रूढीला लेखी विधीचे रूप देणे यालाच म्हणतात. त्या मंडळींनी आपल्या कामाच्या तत्त्वांत अग्रक्रमही ठरवला होता. मतभेद झाल्यास सर्वांत आधी पान वापरणाऱ्याचे हित, मग पान लिहिणाऱ्याचे, मग ब्राउझर बनवणाऱ्याचे, त्यानंतर प्रमाण लिहिणाऱ्याचे, आणि तात्त्विक शुद्धता सर्वांत शेवटी. भाषेच्या प्रमाणीकरणावर आपल्याकडे जे वाद होतात त्यांतही हा अग्रक्रम लिहून भिंतीवर लावावा.

परंतु या क्षमाशीलतेची दुसरी बाजू आपल्याला भोवली आहे. ब्राउझर सगळे चालवून घेतो. भाषा लिहिली नाही, तरी पान उघडते. मराठी पानावर इंग्रजीचा संकेत लिहिला, तरी उघडते. प्रमाणातही लेखकाने भाषा घोषित करावी अशी शिफारस आहे, सक्ती नाही. एक्सएचटीएमएलच्या कडक शिपायाने निदान दार तरी अडवले असते. एचटीएमएलचा शिपाई कोणालाच अडवत नाही, म्हणून कागद बरोबर ठेवण्याची जबाबदारी संपूर्णपणे आपल्यावर येते. सक्ती नाही म्हणून कर्तव्य नाही, असे समजणारा पक्षकार पुढे पुराव्याच्या वेळी हात चोळत बसतो.

मग दुसरा आक्षेप येतो: आता यंत्र भाषा आपोआप ओळखते. ओळखते, लांबलचक उतारा असेल तर. पण वेबवरील किती मजकूर लांबलचक असतो? यादीतील शब्द, बटणावरील शब्द, मथळा, नाव, तक्ता. देवनागरीत मराठी आहे, हिंदी आहे, नेपाळी, कोकणी, संस्कृत, मैथिली, बोडो आणि डोगरीही आहे. ‘शिक्षा’ हा एक शब्द घ्या. मराठीत तो दंड, हिंदीत तो शिक्षण. ‘नाव’ मराठीत ओळख सांगते, हिंदीत नदी पार करते. ‘खाली’ मराठीत जागा दाखवते, हिंदीत रिकामे भांडे. ‘चेष्टा’ मराठीत थट्टा, हिंदीत प्रयत्न. मूळ कागदाची भाषा न कळलेल्या यंत्राने ‘शिक्षेची तरतूद’ या मथळ्याचे भाषांतर शिक्षणाची तरतूद असे केले तर त्यात यंत्राचा अपराध किती? आपण त्याला साक्षच दिली नव्हती. देवनागरी दिसली की हिंदी समजा, हा अंदाज माणसे बांधतात, यंत्रेही बांधतील. त्याला उत्तर एकच, आपली लेखी घोषणा.

या घोषणेवर काय काय अवलंबून आहे? ओळीच्या शेवटी शब्द कोठे तोडायचा हे ब्राउझर भाषा घोषित असेल तरच ठरवतो. शुद्धलेखन तपासणारे साधन कोणता कोश उघडायचा याची दिशा त्यावरून घेते. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हिंदीपेक्षा वेगळी आहेत, हे प्रत्येक मराठी शाळकरी मूल जाणते. काही देवनागरी फॉन्टांत ही दोन्ही वळणे ठेवलेली असतात आणि मजकूर मराठी असल्याचे घोषित असेल तर मराठी वळण आपोआप उमटते. घोषणा नसेल तर जे मूळ म्हणून ठेवले असेल ते येते. आपल्या अक्षरांचे वळण बदलत चालले अशी खंत करणाऱ्या किती जणांनी आपल्या पानावर ही दोन रोमन अक्षरे लिहिली आहेत?

सर्वांत मोठा प्रश्न मात्र दृष्टिहीन वाचकांचा आहे. ते पान पाहत नाहीत, ऐकतात. मजकूर वाचून दाखवणारे साधन कोणता आवाज लावायचा हे पानावर घोषित केलेल्या भाषेवरून ठरवू शकते. पान इंग्रजी म्हणून घोषित असेल आणि साधनाने त्यावर विश्वास ठेवला, तर मराठी मजकूर इंग्रजी आवाजाच्या तोंडी पडतो, आणि जे ऐकू येते ते मराठी नसते. हिंदी म्हणून घोषित असेल तर ‘चार’ आणि ‘चमचा’ यांतील दोन ‘च’ एकाच उच्चारात वाचले जातात. ‘दिसते आहे ना, मग पुरे’ हे वाक्य या वाचकासमोर उच्चारून दाखवावे, म्हणजे त्यातील क्रूरता लक्षात येईल.

आणि हा केवळ सद्भावनेचा विषय राहिलेला नाही. वेबवरील मजकूर सर्वांना सुलभ व्हावा यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय निकषांत, २००८ च्या आवृत्तीपासून, पानाची भाषा यंत्राला कळेल अशी घोषित करणे ही सर्वांत प्राथमिक पातळीची अट आहे. पानातील परभाषिक उताऱ्यांची भाषा सांगणे ही त्यापुढची पातळी. भारत सरकारची संकेतस्थळांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे याच निकषांवर आधारलेली आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार माहिती व संपर्क साधने सुलभ करणे हे शासनाचे कर्तव्य आहे. राजीव रातुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, या अधिनियमाखालील नियमांतील सुलभतेचा नियम केवळ शिफारसवजा असल्यामुळे तो अधिनियमाशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक मानके करण्याचा आदेश केंद्राला दिला. राज्यघटनेच्या अनुच्छेद २९ ने आपली भाषा आणि लिपी जतन करण्याचा हक्क दिला आहे, तो सर्वज्ञात आहे. या दोन्हींची सांगड घातली की एक साधी, वादातीत मागणी उभी राहते: ज्या ज्या सरकारी संकेतस्थळावर, मग ते कोणत्याही राज्याचे असो, मराठी मजकूर आहे, तेथे तो मराठी म्हणून घोषित असला पाहिजे. यासाठी ना नवा कायदा हवा, ना खर्च, ना कोणाच्या सीमेला धक्का.

शेवटचा आक्षेप अभिमानाचा आहे. ‘हे नियम परदेशी कंपन्यांचे, आपण त्यांच्या दारात का जावे?’ आक्षेपातील वस्तुस्थिती खरी आहे. आज एचटीएमएलच्या प्रमाणाची सूत्रे हाती असलेल्या गटाच्या सुकाणू समितीवर ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला हे चार ब्राउझरनिर्माते आहेत, आणि नवी गोष्ट प्रमाणात येण्यासाठी निदान दोन ब्राउझरांची तयारी लागते. हे केंद्रीकरण मलाही खटकते. पण दारात न जाण्याने ते कमी होत नाही. जपानी मंडळी गेली, म्हणून त्यांच्या कांजी अक्षरांवर बारीक अक्षरांत उच्चार लिहिण्याची जुनी रीत, रुबी, २००१ मध्ये मानक झाली आणि आज एचटीएमएलचा भाग आहे. अरबी आणि हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहिल्या जातात, त्यांची दिशा सांगणारा गुणधर्म एचटीएमएल ४.० मध्येच आला. प्रमाणावरील चर्चा खुली आहे, त्यात कोणालाही त्रुटी नोंदवता येते, कारणांसह मागणी करता येते. आपल्याकडे व्याकरणकार आहेत, मुद्राक्षरकार आहेत, संगणक अभियंत्यांची तर रेलचेल आहे. ऱ्य आणि ऱ्ह यांतील अर्धा र, ॲ हे अक्षर, जोडाक्षरे तोडण्याची मराठी रीत, यांविषयी मराठीची बाजू कोण मांडते? ॲ साठी स्वतंत्र स्थान युनिकोडमध्ये यायला २००८ उजाडले. जी बाजू मांडलीच जात नाही तिच्यावर एकतर्फी निकाल लागतो, आणि त्या निकालावर अपील करायला आपण दहा वर्षांनी जागे होतो.

आता करायचे काय? प्रत्येक मराठी संस्थेने, शाळेने, वाचनालयाने, वृत्तपत्राने आपले संकेतस्थळ बांधणाऱ्याला लेखी सूचना द्यावी: पानाच्या मूळ एचटीएमएल टॅगावर लँग लिहून त्याची किंमत एमआर ठेवावी. काम दोन मिनिटांचे आहे. पानात कन्नड, कोकणी, गुजराती वा इंग्रजी उतारा असेल तर त्या उताऱ्यावर त्याचा स्वतःचा संकेत लिहावा. जो न्याय आपण मागतो तो शेजारच्या भाषेला आपल्या पानावर आधी द्यावा. संकेतस्थळाच्या कंत्राटात ही अट घालावी आणि ती पुरी झाल्याशिवाय देयक चुकते करू नये. सरकारी संकेतस्थळांवर चूक आढळली तर तिची प्रत काढून, वरील अधिनियमाचा हवाला देऊन संबंधित खात्याला अर्ज करावा आणि पोच घ्यावी. जुन्या फॉन्टांत अडकलेले अंक, स्मरणिका, ठराव अजून कोणाकडे पडून असतील तर ते युनिकोडमध्ये आणून ठेवावेत, कारण ते फॉन्ट चालवणारी यंत्रे फार काळ राहणार नाहीत.

भाषेसाठी रस्त्यावर उतरण्याची वेळ येते तेव्हा उतरावेच लागते. पण ज्या जागी कोणी अडवत नाही, कोणी परवानगी मागत नाही, केवळ आपले नाव आपण लिहायचे आहे, तेथेही आपण इंग्रजीचे नाव लिहून मोकळे होणार असू, तर इतरांनी आपली नोंद घ्यावी अशी तक्रार कोणत्या तोंडाने करायची? आधी आपल्या पानावर आपली भाषा लिहू. मग बाकीच्यांना जाब विचारू.